जुन्या जोडीत नवे पाहुणे

गोंदिया शहरातील एका वाचक भगिनींचा प्रश्न या पंधरवड्यात आमच्याकडे आला. त्यांच्या घरी वर्षभरापासून जर्बिलची एक जोडी आहे. दोघे सख्खे भाऊ. चौथीत शिकणाऱ्या मुलीने त्यांची नावे जय आणि वीरू अशी ठेवली आहेत. दिवाळीच्या सुटीत मामांनी नागपूरहून आणखी दोन पिल्ले आणली. तीही नर, वय सुमारे दोन महिने. पिल्ले सध्या बुटांच्या खोक्यात आहेत. येत्या रविवारी चौघांना एकाच काचेच्या पेटीत सोडण्याचा मुलीचा बेत आहे, आणि आईंना विचारायचे आहे ते एवढेच, की सोडण्यापूर्वी पिल्लांना अंघोळ घालावी का.

प्रश्न अंघोळीचा असला तरी खरी निकड रविवारची होती. अंकाची वाट पाहण्याइतका अवधी नव्हता, म्हणून त्याच दिवशी दूरध्वनीवरून कळवले : अंघोळ घालू नका आणि चौघांना एकत्र सोडूही नका. शिवाय ते खोके आजच बदला, कारण जर्बिलला पुठ्ठा कुरतडून बाहेर यायला एक रात्र पुरते. इतक्या त्रोटक उत्तराने कोणत्याही आईचे समाधान होणार नाही, आणि चौथीतल्या मुलीचे तर नाहीच. म्हणून हा विस्तार.

हा प्राणी ज्यांच्या परिचयाचा नाही त्यांच्यासाठी थोडे सांगावयास हवे. आपल्याकडे घरात पाळला जाणारा जर्बिल मूळचा मंगोलिया आणि उत्तर चीनच्या कोरड्या गवताळ माळरानांतला. पूर्ण वाढ झालेला जर्बिल साधारण सत्तर ते शंभर ग्रॅम वजनाचा असतो. शेपूट जवळजवळ अंगाइतकी लांब, तिच्या टोकाला केसांचा झुपका, आणि कुतूहल वाटले की मागच्या दोन पायांवर उभे राहून पाहण्याची सवय. हॅमस्टरची शेपूट जेमतेम दिसते. दुकानात नाव काहीही सांगितले तरी या एका खुणेवरून दोघांतला फरक ओळखता येतो. १९३५ मध्ये अमूर नदीच्या खोऱ्यात वीस जोड्या पकडून त्या जपानमधल्या प्रयोगशाळेत नेल्या गेल्या. त्यांच्या वंशातल्या अकरा जोड्या १९५४ मध्ये अमेरिकेत पोहोचल्या, आणि तिथून हा प्राणी घराघरांत शिरला. म्हणजे जयवीरूंचे पूर्वज माणसाच्या सहवासात येऊन अजून शंभर वर्षेही झालेली नाहीत. कुत्र्याला माणसाबरोबर राहायला हजारो वर्षे मिळाली. जर्बिलच्या वागण्यात माळरानावरचे बीळ अजून जसेच्या तसे शिल्लक आहे.

त्या बिळात एक कुटुंब राहते. आईबाप, त्यांची थोरली मुले, धाकटी मुले. अंधारात एकमेकांची ओळख पटवायची ती डोळ्यांनी नव्हे, वासाने. जर्बिलच्या पोटावर मधोमध केस नसलेला एक लांबट पट्टा असतो. नरात तो विशेष ठळक दिसतो. ती गंधग्रंथी. दगडावर, काटकीवर, घरट्याच्या तोंडाशी पोट घासून तो आपली निशाणी ठेवतो. कुटुंबातले सगळे एकमेकांचे अंग चाटतात, एकाच घरट्यात एकमेकांवर पडून झोपतात, आणि त्या सर्वांचा मिळून एक वास तयार होतो. तो वास अंगाला असेल तो आपला, नसेल तो घुसखोर. घुसखोर लहान आहे, दमलेला आहे, दोनशे रुपयांना विकत आणलेला आहे, याची दखल बिळात घेतली जात नाही. माळरानावर परक्याला पळून जायला मोकळे रान असते. काचेच्या पेटीला चार भिंती असतात, त्यामुळे जे भांडण पाठलागावर मिटायचे ते मृत्यूपर्यंत जाते. जर्बिलची गंभीर मारामारी फार वेळ चालत नाही. काही मिनिटांत, तीही बहुधा रात्री, सगळे आटोपते आणि सकाळी मुलगी पेटीपाशी येते.

बोलता बोलता आईंनी सांगितले, की मुलगी शाळेच्या सहलीबरोबर नागझिऱ्याला जाऊन आली आहे. तिला कारण समजावून सांगायला यापेक्षा जवळचे उदाहरण मिळाले नसते.

नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प २०१३ मध्ये जाहीर झाला; तो गोंदिया आणि भंडारा या दोन जिल्ह्यांत पसरलेला आहे. इथे जंगल चांगले, पण वाघ थोडे. तिकडे चंद्रपूर जिल्ह्यात ब्रह्मपुरीच्या परिसरात वाघांची दाटी आणि माणसांशी रोजचा संघर्ष. म्हणून तिकडच्या वाघिणी इकडे आणण्याची योजना झाली. २० मे २०२३ रोजी पहिल्या दोन वाघिणी नागझिऱ्यात सोडल्या गेल्या. एप्रिल २०२४ मध्ये तिसरी आली. तिचे नाव एनटी-३. गळ्यात संदेश देणारा पट्टा, मागावर वन विभागाची पथके, सोबत पशुवैद्यक, अशी सगळी व्यवस्था होती. सोडल्यापासून चार दिवसांच्या आत ती मृतावस्थेत सापडली. जंगलात आधीपासून असलेल्या दुसऱ्या वाघिणीशी हद्दीवरून झालेल्या झुंजीत तिचा अंत झाला असावा, असा वन विभागाचा प्राथमिक अंदाज होता. सोडणाऱ्यांच्या हेतूबद्दल वा तयारीबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. नवा जीव जिथे सोडला जातो ती जागा आपल्या दृष्टीने मोकळी असते; तिथे आधी राहणाऱ्याच्या दृष्टीने ती कधीच मोकळी नसते.

दुसरे उदाहरण मध्य प्रदेशातल्या कुनो राष्ट्रीय उद्यानाचे, आणि ते आपल्या प्रश्नाच्या आणखी जवळ जाते. ९ मे २०२३ रोजी तिथे दक्षिण आफ्रिकेतून आणलेल्या ‘दक्षा’ या चित्ता मादीचा मृत्यू झाला. मीलनासाठी तिच्या कुंपणात दोन नर सोडले होते. ते दोघे एकमेकांचे पक्के जोडीदार होते. ती एकटी होती. त्यांच्या झटापटीत तिला झालेल्या जखमा प्राणघातक ठरल्या. जोडी जमलेले दोघे आणि त्यांच्यासमोर नवखे कोणी, ही मांडणीच धोक्याची आहे. मग तो प्राणी पन्नास किलोंचा असो की पाऊणशे ग्रॅमचा.

आपल्या खेड्यांतल्या शेतकऱ्याला हे कोणी शिकवावे लागत नाही. बाजारातून आणलेली गाय पहिल्याच दिवशी कोणी जुन्या जनावरांच्या दावणीला बांधत नाही. काही दिवस तिला थोड्या अंतरावर, पण एकमेकांना दिसतील अशी बांधतात. शहरात आपण प्राणी खोक्यातून आणतो आणि खोके उघडले की तो कुटुंबात सामील झाला असे धरून चालतो.

तेव्हा माझे पहिले उत्तर हेच, आणि ते मी कोणत्याही पळवाटेविना देतो : जमलेल्या जोडीत नवे जर्बिल घालू नयेत. एकही नाही आणि दोनही नाहीत. अनेक हौशी लोक सांगतील, की आमच्याकडे चौघे सुखाने नांदतात. काही घरी काही दिवस ते नांदतातही. परंतु परक्यांमधून जुळवलेला तिघांचा किंवा चौघांचा गट ही फार नाजूक गोष्ट असते. माद्यांच्या बाबतीत तर अधिकच. महिना दोन महिने शांततेत जातात आणि एके दिवशी कोणी एकजण सतत कोपऱ्यात दबलेला, शेपटीच्या बुडाशी चावे घेतलेला दिसतो. याहून वाईट म्हणजे नव्यांच्या येण्याने जुन्या जोडीतले सख्य तुटू शकते. नव्याशी झोंबून आलेल्या वीरूच्या अंगाला परका वास लागला, की जयला तो वीरू वाटेनासा होतो. एकदा असे गंभीर भांडण झालेले भाऊ पुन्हा एकत्र आणणे बहुधा जमत नाही. मग दोनांचे चार करायला निघालेल्या घरात चार पेट्या आणि चार एकटे जर्बिल उरतात.

अंघोळीबद्दलही सांगून टाकतो. पिल्लांना धुऊन, अंगावर पावडर टाकून किंवा व्हॅनिलाचा थेंब लावून वास झाकण्याचे सल्ले ऐकू येतात. झाकलेला वास काही तासांत वर येतो, आणि तोवर आपण झोपलेले असतो. शिवाय ओला जर्बिल चटकन गारठतो. त्याची अंघोळ कोरड्या, धूळविरहित वाळूत होते आणि ती तो स्वतःच करून घेतो.

मग मामांनी आणलेल्या दोघांचे काय करायचे? ते दोघे एकमेकांचे भाऊ आहेत; त्यांची त्यांची जोडी आहे. त्यांना दुसरी पेटी द्यावी. दोन जोड्या, दोन घरे. खर्च दुसऱ्या पेटीचा आणि जागेचा, पण चौघेही जोडीने राहतील, आणि जर्बिलला खरोखर हवे असते ते तेवढेच. पेटी काचेची, सुमारे अडीच फूट लांब, वर घट्ट बसणारे जाळीचे झाकण. तळाशी पाऊण ते एक फूट कोरडा, खोदता येईल असा थर हवा. कागदाच्या पट्ट्या आणि वाळलेले गवत एकत्र केले तर बोगदे टिकतात. आपला जिल्हा धानाचा, तेव्हा गिरणीतून तूस फुकट मिळेल असे कोणाला सुचेल. ते टाळावे, त्याची धूळ या प्राण्याच्या नाकाला सोसत नाही आणि त्याच्या कडा बोचऱ्या असतात. लाकडाच्या वखारीतला बारीक भुसाही त्याच कारणाने नको.

दोन्ही पेट्या एका खोलीत ठेवण्यास हरकत नाही. परंतु एका पेटीतली वाळूची वाटी, चाक वा लाकडी खेळणे दुसऱ्या पेटीत जाऊ नये, आणि जयवीरूंना हाताळल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय पिल्लांना हात लावू नये. आपल्या हातावरून परका वास घरट्यात गेला तर तिथे विनाकारण संशय निर्माण होतो.

एक तपासणी मात्र आजच करावी. दुकानात ‘दोन्ही नर’ किंवा ‘दोन्ही माद्या’ असे सांगतात त्यावर विसंबू नये. पिल्लू तळहातावर घेऊन शेपटीच्या बुडाखाली पाहावे : तिथल्या दोन छिद्रांतले अंतर नरात स्पष्ट जास्त आणि मादीत अगदी थोडे असते. दोघे शेजारी शेजारी धरले की फरक लगेच कळतो. शंका राहिली तर पशुवैद्यकांना दाखवावे. जर्बिलची मादी जेमतेम तीन महिन्यांची झाली की विते, गर्भकाळ चोवीस ते सव्वीस दिवसांचा, आणि विताच ती पुन्हा गाभण राहू शकते. मामांची भेट उन्हाळ्यापर्यंत वीस जीवांची होऊ शकते, म्हणून हा इशारा. पाहताना शेपटीला धरून उचलू नये, कधीच नये. जर्बिलच्या शेपटीची कातडी सालीसारखी सुटून हातात येते. ती परत उगवत नाही.

आता दुसरी बाजू. नवा साथीदार आणणे आवश्यक ठरते असा एक प्रसंग असतो : जोडीतला एक मेला आणि दुसरा उरला. जर्बिलचे आयुष्य तीनचार वर्षांचे, त्यामुळे प्रत्येक घरात हा दिवस येतोच. एकटा उरलेला जर्बिल अनेकदा खाणे कमी करतो, खोदत नाही, झोपून राहतो. त्याला सोबत द्यावी. पण एकाला एक, आणि जाळीआडून.

त्यासाठी लागणारे सामान आपल्या बाजारात सहज मिळते. माशांसाठी वापरतात तसली मध्यम काचेची पेटी आणि हार्डवेअरच्या दुकानातून पाव इंची भोकांची लोखंडी जाळी. पेटीच्या मधोमध जाळी उभी करून ती दोन्ही काचांना, तळाला आणि झाकणाला घट्ट टेकली पाहिजे. कडेला करंगळीएवढी फट राहिली तरी पुरते. तारांची टोके दुमडून घ्यावीत. या काळात तळाचा थर इंचभरच ठेवावा, नाहीतर जाळीखालून भुयार निघेल. दोन्ही बाजूंना पाण्याची वेगळी बाटली, खाण्याची वेगळी वाटी, घरट्यासाठी न रंगवलेला, न सुवासिक केलेला टिश्यू कागद. एका बाजूला जुना, दुसऱ्या बाजूला नवा. नवा सहा ते आठ आठवड्यांचा असेल तर काम पुष्कळ सोपे होते. दोन प्रौढ माद्यांचे सर्वांत अवघड.

जाळी लावल्यावर खरे काम सुरू होते ते जागांच्या अदलाबदलीचे. दिवसातून किमान तीनचार वेळा डावीकडचा उजवीकडे आणि उजवीकडचा डावीकडे करावा. घरटी, वाट्या, घाण जिथल्या तिथे राहू द्यावी. मग प्रत्येकाला दुसऱ्याच्या बिछान्यात झोपावे लागते, दुसऱ्याच्या निशाणीवर आपली निशाणी करावी लागते, आणि दोन वासांचा हळूहळू एक वास होतो. इथे घाई करणारे फसतात. मीही फसलो आहे. अनेक वर्षांपूर्वी, चौथ्या दिवशी दोघे जाळीपाशी नाकाला नाक लावून बसलेले पाहून मी जाळी उचलली. ती मैत्री नव्हती, टेहळणी होती. दोघांना वेगळे करताना माझ्या अंगठ्याला झालेल्या जखमेची खूण अजून आहे, आणि त्या दोघांतला एक पुढे जगला नाही.

तेव्हा आठवडा तरी थांबावे, गरज पडली तर दोन आठवडे, तीन आठवडे. मुलांना या काळात वही द्यावी आणि रोज काय दिसले ते लिहायला सांगावे. जाळीला दात लावणे, अंगावरचे केस फुलवून तिरके उभे राहणे, मागचे पाय जमिनीवर सतत आपटणे, अशा नोंदी असतील तोवर जाळी काढण्याचा विषय नको. दोघे एकमेकांकडे लक्ष न देता आपापले खोदत, खात आहेत, आणि रात्री दोघांनी आपले घरटे जाळीला लागून, पाठीला पाठ येईल असे केले आहे, हे चारपाच दिवस सलग दिसले की पुढचे पाऊल टाकावे. दुर्लक्ष करणे हे इथे प्रेमाहून चांगले लक्षण समजावे.

पुढचे पाऊल सुटीच्या दिवशी सकाळी टाकावे, कारण दिवसभर घरातल्या मोठ्या माणसाने समोर बसायचे असते. पूर्वी दोघांनीही न वापरलेला लहानसा टब घ्यावा; त्यात लपायला जागा, चाक किंवा खेळणे काही नको. हातात चामड्याचा जाड मोजा, शेजारी एक प्लास्टिकचा मोठा मग. दोघे एकमेकांना हुंगतील, एक दुसऱ्याच्या अंगावर चढेल, थोडी ढकलाढकली होईल, हे चालते. एकाने मान खाली घालून दुसऱ्याला चाटू दिले की अर्धे काम झाले. पण दोघे केस फुलवून एकमेकांभोवती फिरू लागले, तर थांबू नये. मग मधे घालून लगेच वेगळे करावे. यानंतरचा टप्पा म्हणजे दोघांचा एक चेंडू होऊन गडगडणे, आणि त्यात कोण कुठे चावतो हे डोळ्यांना दिसत नाही. उघडा हात कधीही घालू नये. असे झाले तर जखमा पाहाव्यात आणि दोघांना पुन्हा जाळीआड ठेवून पहिल्या दिवसापासून सुरुवात करावी. दुसऱ्या प्रयत्नातही तेच घडले तर या दोघांचे जमत नाही असे मान्य करावे.

लहान जखम झाल्यास एक पेला उकळून निवलेल्या पाण्यात अर्धा लहान चमचा मीठ घालून त्याने ती पुसावी. घरात उरलेली माणसांची औषधे, विशेषतः प्रतिजैविके, देऊ नयेत. काही प्रतिजैविके, उदाहरणार्थ स्ट्रेप्टोमायसिन, या प्राण्याला विषासारखी असतात. खोल चावा, सुजलेला भाग, खाणे बंद, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी पशुवैद्यकांकडे जावे.

हे सारे कोणत्या महिन्यात करावे यालाही आपल्या भागात महत्त्व आहे. मे महिन्यात गोंदियाचा पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांपर्यंत जातो. वाळवंटी मुलखातला प्राणी म्हणून जर्बिलला ऊन सोसते, हा गैरसमज आहे. तो तिथे उन्हाच्या वेळी जमिनीखाली गारव्यात असतो. काचेच्या पेटीत खाली जायला तेवढी जमीन नसते. आणि आपण कूलर लावतो! विदर्भाच्या घरातला कूलर हवा थंड करतो तशी ओलीही करतो, आणि ओल्या हवेत जर्बिलचा केसाळ अंगरखा तेलकट, चिकट होऊन त्याला सर्दी होते. पावसाळ्यात धानाच्या बांध्या भरलेल्या असताना हवेतला ओलावा वेगळा सांगायला नको. उकाड्याने त्रासलेले प्राणी लवकर चिडतात. म्हणून नव्याजुन्याची ओळख कार्तिकापासून माघापर्यंतच्या कोरड्या, थंड दिवसांत करावी, आणि उन्हाळ्यात पेटी कूलरच्या झोतासमोर न ठेवता घरातल्या सर्वांत गार, कोरड्या खोलीत जमिनीवर ठेवावी.

हे पाक्षिक कुटुंबाच्या आरोग्याचे आहे, म्हणून प्राण्यांइतकेच माणसांविषयी. नवे जर्बिल आणल्यावर दोन आठवडे जुन्यांपासून वेगळ्या खोलीत ठेवावेत आणि आधी जुन्यांचे, मग नव्यांचे काम करावे. जुलाब, शिंका, केस गळून पडलेले गोल चट्टे दिसले तर पशुवैद्यकांना दाखवावे. पेटीला हात लावल्यानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये. उंदीरवर्गीय प्राण्यांच्या विष्ठेतून साल्मोनेलासारखे जंतू पोटात जातात. पेटीतल्या वाट्या स्वयंपाकघरातल्या मोरीत धुऊ नयेत. पाच वर्षांखालील मुलाने मोठ्यांच्या देखत केवळ पाहावे. घरात कोणी गर्भवती असेल तर पेटी साफ करण्याचे काम तिच्याकडे देऊ नये. या वर्गातील प्राण्यांमध्ये आढळणारा एक विषाणू गर्भाला इजा करू शकतो. माणसाला चावा बसल्यास वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन डॉक्टरांना दाखवावे आणि धनुर्वाताच्या लसीचे विचारावे.

याच ओघात एक निक्षून सांगतो. आपल्या शेतांच्या बांधांवरही मोठ्या डोळ्यांचा, लांब शेपटीचा देशी जर्बिल राहतो. धान कापणीच्या दिवसांत मुले कधी त्याची पिल्ले पकडून आणतात. ती घरी ठेवू नयेत, पाळीव जर्बिलजवळ तर मुळीच नेऊ नयेत. रानातल्या उंदरांच्या अंगावर गोचीड, पिसवा आणि बारीक कीटक असतात. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर व आसपासच्या जिल्ह्यांत स्क्रब टायफसचे जे रुग्ण आढळले, तो आजार पसरवणारे सूक्ष्म कीटक झुडपांत आणि अशाच उंदरांच्या अंगावर वाढतात.

गोंदियाच्या त्या घरी दुसरी पेटी आली आहे. आईंनी कळवले, की मुलगी एक दिवस रुसून होती. मग तिने नागझिऱ्याच्या सहलीत काढलेल्या नकाशासारखा दोन्ही पेट्यांचा नकाशा काढला आणि मधे जाड रेघ मारून ‘हद्द’ असे लिहिले. पिल्लांची नावे अजून ठरलेली नाहीत. तिने आणखी एक प्रश्न पाठवला आहे : जय आणि वीरू म्हातारे होऊन त्यांतला एक गेला, तर उरलेल्याला पिल्लांच्या पेटीत ठेवता येईल का? नाही, कारण तोवर पिल्लांची जोडी जुनी झालेली असेल आणि हा नवा ठरेल. त्याच्यासाठी त्या वेळी सहासात आठवड्यांचे एक नर पिल्लू आणावे लागेल, आणि पाव इंची जाळी. जाळी आत्ताच आणून ठेवली तरी चालेल. कोरड्या जागी, गंज न लागेल अशी.